उतरवायची राहिलेली हाळी

दिवा लागला न लागला की घरातली सगळी येऊन मला चिकटतात, अन् म्हणतात, सांगा. काय सांगा? सांगून सांगून माझी दाढी पिकली, यांचं ऐकून सरत नाही. बरं, ऐकायचं, भ्यायचं, अन् मग परसाकडं जायला सोबतीला म्हाताऱ्यालाच उठवायचं. कटकट केली तर म्हणतात, म्हातारा खवट झाला. खवट आहेच मी. त्यात धाकटी सून नांदेडातली. तिनं काल विचारलं की हाळी म्हंजे काय, हाकच ना? म्हंजे आता पार बुडापासून आलं. बसा. मधी कोणी तोंड घातलं तर उठून जाईन.

हाळी म्हंजे हाक नाही. हाक घरातल्या घरात, फार तर गल्लीच्या टोकापर्यंत. ओरडतो तो रागावलेला माणूस. बोंब मारायची ती गंजी पेटली तर, नाहीतर शिमग्याला. किंकाळी तर आपल्या हातचीच नसते, ती निघून जाते. हाळी वेगळी. ती एका बांधावरून उठते, मधली रानं ओलांडते अन् पलीकडच्या शिवारातल्या माणसाला उभं करते. औत सुटलं, द्या हाळी. कोणाचा बैल कोणाच्या पिकात शिरला, द्या हाळी. ज्वारीवर पाखरं बसली, हाळी. शब्द नसला तरी चालतो, नुसतं ‘हाऽऽ होऽऽ’. पण कोणाची आहे ते ऐकणाऱ्याला बराबर कळतं. माणसाच्या तोंडावळ्यासारखी असते ती.

अन् ऐकणाऱ्यानं ओ द्यायचा. ओ दिला की हाळी त्याच्यावर आली, मग उठून जाणं त्याच्याकडं लागलं. ओ देऊन जो गेला नाही त्याच्यामागं ती हाळी फिरत राहते, असं जुनी माणसं म्हणायची. आपल्या मुसलमानांत असलं काही मानत नाहीत. मीही मानत नव्हतो.

तेव्हा निजामाचा अंमल होता. रझाकाराचं नाव अजून खेड्यात आलेलं नव्हतं. कुरुंद्याच्या अलीकडं ओढ्याला लागून माझं रान, अन् ओढ्याच्या पल्याड संतरामचं. संतराम म्हंजे हाळीचा बादशहा. त्यानं गोफण कधी घेतली नाही. मचाणावर उभा राहायचा, एक हात कानावर ठेवायचा, अन् अशी लांबवायचा की त्याच्या रानातली पाखरं तर उडायचीच, माझ्याही रानातली उडायची. मी फुकटात राखण करून घेतली त्याच्याकडून, खोटं कशाला बोलू. दिवस बुडताना त्याची एक हाळी घराकडं जायची. त्याचं घर गावाच्या कडेलाच. त्याची बायको द्वारकाबाई, माहेर आखाडा बाळापूरचं, ती दारातून ओ द्यायची अन् भाकर घेऊन निघायची. शिवारात कोणाला वेळ बघायची गरज नव्हती. द्वारकाबाईचा ओ ऐकला की बाकीच्या बायापण टोपली डोक्यावर घ्यायच्या.

एका सुगीत अशीच दिवस बुडताना हाळी आली. द्वारकाबाईनं चुलीपासूनच ओ दिला अन् तव्यावरची भाकर उलटली. पुन्हा हाळी आली. ओ दिला ना, येते, असं ती आपल्याशीच पुटपुटली. परातीत पीठ राहिलं होतं. सगळ्या भाकरी थापून, कालवण बांधून ती गेली, तर संतराम मचाणाखाली पालथा पडलेला. पोटरीला साप चावला होता. धोतराचं फडकं पायाला आवळता आवळताच गेला होता तो. आख्ख्या शिवारानं ती हाळी ऐकली होती, अन् आख्ख्या शिवाराला वाटलं, भाकरीची हाय.

आता या सटवाजीचं सांगतो, कारण गोष्ट त्याची आहे. सटवाजी संतरामचा चुलत भाऊ. लहानपणी त्याला घटसर्प झाला. जगला, पण गळा फाटला. बोलायला लागला की फुटक्या भात्यातून वारा जावा तसं निघायचं. दोघं एका अंगणात वाढलेले. संतरामनं हाळी दिली की बाया म्हणायच्या, अगं काय गळा हाय पोराचा. अन् मग सटवाजीकडं बघून गप्प बसायच्या. ते गप्प बसणं त्याला जास्त लागायचं. संतरामला द्वारकाबाई मिळाली, याला कोणी पोरगी दिली नाही. त्याच्या मनातलं तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारू नका. ज्याचं मचाण शेजारी त्याचं मन काही लपत नाही.

आमच्या आसपासच्या चार गावांत तेव्हा एक रीत होती, आता मेली. शेताचा धनी गेला की तेराव्याच्या आत त्याची हाळी उतरवायची. जो त्याच्या जागी उभा राहणार त्यानं मचाणावर चढायचं, अन् मेलेल्याच्याच सुरात, त्याच्याच वळणानं हाळी द्यायची. बांधावर गाव उभं असायचं. सगळ्या गावानं मिळून एकदम ओ द्यायचा. सगळ्यांनी दिला म्हंजे ती कोणा एकावर येत नाही. हाळी भरून पावते अन् रान मोकळं होतं.

संतरामला पोरबाळ नव्हतं. रान सटवाजीकडं आलं. गाव बांधावर जमलं, मीही होतो. सटवाजी काही चढेना. माझा गळा असा, म्हणाला. म्हातारी माणसं म्हणाली, येईल तशी दे, भाव पाहिजे. त्याची आई भिकाबाई पदर पसरून म्हणाली, दे रे बाबा, एकदाची दे. तेव्हा तो जे बोलला ते मी स्वतः ऐकलं.

“जन्मभर त्याच्या हाळीखाली ऱ्हायलो. आता तो मेला तरी त्याचीच नक्कल करू? न्हाई करत.”

माणसं एकेक करत निघून गेली. ओ कोणी दिला नाही. द्यायला हाळीच झाली नव्हती.

वरीस उलटल्यावर द्वारकाबाईचा सटवाजीशी पाट लागला. बिनलग्नाच्या माणसाला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लगीन रुईच्या झाडाशी लावतात, तसं लावलं. लोक हसले. सटवाजीला हसण्याचं काही नव्हतं. ज्याच्यासाठी जळला ते सगळं त्याच्या दारात आलं होतं. रान, बैल, बाई. तो तिला जपायचाही. बाळापूरच्या बाजारातून लुगडं आणलं, पायात जोडवी घातली. ती सगळं करायची, सगळं ऐकायची. पण दिवस बुडताना ती कुठंतरी दुसरीकडं असायची. हातातलं काम हातात, अन् बाई नाही.

मग ज्वारी निसवली. कणसात दाणा भरला. पाखरं आली. सटवाजी मचाणावर चढला, पण हाळी कुठून आणणार? गोफण होती अन् एक डबडं. दिवसभर डबडं बडवायचा. ते बडवणं ऐकून माझं डोकं उठायचं, पण शेजारधर्म म्हणून काही बोललो नाही.

एका सांजेला तो डबडं खाली ठेवून बिडी पेटवत होता. राघूंचा थवा कणसांवर बसलेला. अन् एकाएकी सगळा थवा उठला. सगळ्या रानातून एकदम, कोणी चादर झटकावी तसा. सटवाजीनं इकडंतिकडं बघितलं. कोणी नाही, वारा नाही, आवाज नाही. थोड्या वेळानं बांधावरून द्वारकाबाई येताना दिसली, डोक्यावर टोपली. लगबगीनं, धापा टाकत.

तिला वेळेआधी काहून आली म्हणून त्यानं विचारलं. ती म्हणाली, बलावलं ना. कोणी, म्हणून त्यानं विचारलं. तेव्हा ती थांबली, टोपली खाली ठेवली, अन् भाकर वाढायला लागली.

असं रोज व्हायला लागलं. पाखरं उठायची, बाई यायची, अन् सटवाजीला काही ऐकू यायचं नाही. मग त्याच्या डोक्यात किडा शिरला. शिवारात ज्याचा गळा चालायचा असा दुसरा माणूस मीच. मी ओढ्यापलीकडून त्याच्या बायकोला खुणा करतो, असं त्यानं धरलं. एका सांजेला पाखरं उठली, अन् त्याच दमात गोफणीचा धोंडा सुसाट आला, तो माझ्या खांद्यावर. हाड कडकन बोललं. तो हात नंतर कानाच्या वर कधी गेला नाही. नमाजाला हात उचलायची तकलीफ आजतागायत आहे.

मी तसाच ओढा उतरून त्याच्या मचाणाखाली गेलो. आईबापावरून जे बोलायचं ते बोललो, ते इथं सुनांपुढं सांगत नाही. मग म्हणालो, अरे येड्या, मी इतक्या जवळून हाळी दिली असती तर तुला ऐकू आली नसती का?

“पण तिला आली ना कोणाची तरी,” तो वरून म्हणाला.

“मलाबी येऊन राहिली. पाखरं बसायला लागल्यापासून रोज. संतरामची हाय ती, सटवाजी. तू उतरवली न्हाई.”

तो भ्यायला पाहिजे होता. भ्याला असता तर वाचला असता. त्याचं तोंड मी बघितलं. भीतीचा मागमूस नाही. जळून काळं पडलं होतं ते.

“समद्यांला येते,” तो म्हणाला, “अन् मलाच न्हाई?”

माफी मागितली नाही. खाली उतरून माझा हात बघितलासुद्धा नाही.

यापुढचं मला माझ्या शरीफानं सांगितलं, तुमच्या आज्जीनं. तिच्यापाशी द्वारकाबाई बोलायची. सटवाजी दुसऱ्या दिवशी रानात गेलाच नाही. चुलीसमोर बसला, बायकोकडं बघत. ती भाकर थापत होती. उन्हं कलली, भिंतीवरची तिरीप तांबूस झाली, अन् तिचा हात परातीत थांबला. मान जरा वळली. ओठ उघडले. आवाज निघाला नाही, पण ओठांचा आकार ओ-चा होता. मग ती पिठाच्याच हातानं उठली. त्यानं मनगट धरलं.

“इतका गोड लागतो का त्याचा आवाज?”

ती म्हणाली, “गोडाची गोष्ट न्हाई. मी ओ दिला व्हता त्या दिवशी... अन् गेले न्हाई. रोज उठते, रोज पळते. तरी उशीरच व्हतो.”

शहाण्या माणसानं एवढ्यावरून समजून घेतलं असतं. बाईला त्या हाळीतून सोडवायचं होतं. गावापुढं हात जोडले असते तर गाव अजून बांधावर आलं असतं. पण सटवाजीला एवढंच ऐकू आलं की ती रोज पळते. माझ्यासाठी पळाली का कधी? असं त्यानं विचारलं म्हणतात. ती म्हणाली, तुमी कधी हाळी दिली?

दुसरी कोणतीच गोष्ट त्याला एवढी लागली नसती.

दुसऱ्या सांजेला तो तिला घेऊन मचाणावर चढला. शेजारी बसवलं, हात धरून. दिवस ओढ्याकडं टेकला. थंडीचे दिवस, रानात धुकट पसरायला लागलेलं. मी माझ्या मचाणावर होतो, हात गळ्यात बांधून. मला दोघं दिसत होते.

हाळी आली. आजवर आली नव्हती अशी, लांब, काठोकाठ भरलेली. पाखरं उठली. द्वारकाबाईचे ओठ उघडले, अन् ती ओ देणार तेवढ्यात सटवाजीनं दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबलं अन् स्वतः ओ दिला.

फाटका, हवेचा ओ. पण दिला. एकट्यानं.

हाळी मधीच तुटली. अन् उडालेली पाखरं परत खाली आली, सगळी, पंखांचा आवाज न करता. कणसाकणसावर बसली. दाण्याला एकानं चोच लावली नाही. सगळी मचाणाकडं तोंड करून बसली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, अन् मग मी उतरून घराकडं पळालो, त्याची मला लाज नाही.

द्वारकाबाईनं शरीफाला सांगितलं ते असं. आधी वास आला. भर रानात, तव्यावर राहून करपलेल्या भाकरीचा. मग शिडीची पायरी करकरली, तिच्यावरची करकरली, अन् मचाणाची बाजली एका अंगाला कलली, कोणी तिसरं माणूस येऊन टेकावं तशी. दिसलं काही नाही. सटवाजीनं तिच्या तोंडावरचा हात काढला. तो खोकला. पुन्हा खोकला. पहिला खोकला त्याचा होता, ती म्हणाली. दुसरा त्याचा नव्हता.

सकाळी गाव जागं झालं ते हाळीनं. शिवारभर घुमली. माणसं घराबाहेर आली. संतराम, संतराम असं म्हणत लेकरंसुद्धा बांधाकडं पळाली. मचाणावर सटवाजी उभा होता, एक हात कानावर. तोंड त्याचं, छाती त्याची, अन् हाळी संतरामची. खालची पट्टी, वरचं वळण, शेवटचा हेलकावा, सगळं तेच. बोलणंही तेच झालं. भिकाबाईनं लेकराला हाक मारली अन् त्यानं उत्तर दिलं, तर म्हातारी कानावर हात ठेवून घरात गेली. पुन्हा लेकाशी बोलली नाही.

अन् सटवाजी? खुश होता! मी सांगतो ना, मी बघितलं. त्यानं घराकडं हाळी दिली, अन् द्वारकाबाईनं दारातून मोकळ्या गळ्यानं ओ दिला अन् अनवाणी पळत आली. मचाणाखाली बसून तिनं त्याला जेवू घातलं. गावात तो छाती काढून हिंडायचा. गुलाबचंद वाण्याच्या दुकानात बसून उगाच मोठ्यानं बोलायचा. आता मला कोणी गप्प बसून बघत न्हाई, असं म्हणायचा. तेही त्याच आवाजात.

सुगी निम्म्यावर आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. द्वारकाबाई भाकर वाढायची, अन् तो बोलायला लागला की पाठ फिरवून बसायची. डोळे मिटून. त्यानं बोलावं म्हणून काहीबाही विचारत राहायची, पावसाचं, बैलाचं. तो उठून समोर गेला की ती पुन्हा वळायची.

“माझ्याकडं पाठ काहून करती?”

“बोला ना तुमी,” ती म्हणाली. “असं बसलं म्हंजे बराबर ऐकू येतं.”

त्या दिवसापासून सटवाजीनं तोंड बंद केलं. खुणेनं बोलायचा. तोंडाला उपरणं आवळून बांधायचा. गावानं त्याला समजावलं, वारंग्याला भूत उतरवणाऱ्या बाबाकडं चल म्हटलं. त्यानं मानच हलवली. बायकोला तो आवाज ऐकू द्यायचा नाही, एवढंच त्याला राहिलं होतं. स्वतःच्या घशाचा असा मत्सर करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पण उपयोग झाला नाही. दिवस बुडताना हाळी निघायचीच. माझ्या मचाणावरून बघत होतो मी. उपरणं बांधलेलं, दात आवळलेले, नुसता गळा फुगायचा अन् खाली जायचा, अन् हाळी माझ्या डोक्यावरून पुढं जायची. मग घराकडून ओ यायचा.

ज्वारी काढायच्या आधी एका दुपारी, टळटळीत उन्हात, तो ओढा उतरून माझ्याकडं आला. मी बाभळीखाली बसलो होतो. समोर येऊन उभा राहिला. वाळून काडी झाला होता. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला, ज्यावर धोंडा बसला होता त्याच. डोळ्यातून पाणी. मग उपरणं सोडलं. मला कळलं की माफी मागायला आलाय. ओठ हलले. माफ कर, असे हलले, मी वाचले ना ते. पण त्यातून आवाज आला तो आरामात बसलेल्या माणसाचा, हसरा.

“काय इब्राहीम, पाखरं जास्त हाईत का औंदा?”

त्यानं तोंड दाबलं. पुन्हा ओठ हलवले. पुन्हा तोच आवाज म्हणाला, “द्वारकी निघाली का रे घरून?” अन् दोन्ही वेळा सटवाजीचे डोळे माझ्याकडं असे बघत होते जसा आडात पडलेला माणूस वर बघतो.

मी म्हणालो, सटवाजी, तुझ्या तोंडानं माग, मी देतो. याच्या तोंडची मी घेत नाही. त्यानं उपरणं बांधलं अन् तो ज्वारीत शिरला. वर कणसं हलताना दिसली, मग तीही हलायची थांबली. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. ज्वारी काढली तेव्हा विळे घेऊन रानातला सड-न्-सड पालथा घातला. उपरणंसुद्धा सापडलं नाही. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत कुठं गेला असेल, असं आता लोक म्हणतात. ती गडबड झाली नंतर.

द्वारकाबाई मात्र जगेपर्यंत दिवस बुडताना ओ द्यायची अन् टोपली घेऊन जायची. अंधार पडायच्या आत परत यायची. शरीफानं ती टोपली कितीदा बघितली. दोघांच्या दोन भाकरी न्यायची बाई. एक खाऊन संपलेली असायची. दुसरी नुसती मोडलेली, दातांच्या खुणा असलेली, पण घशाखाली न गेलेली. चघळून परत ठेवल्यासारखी.

संतरामशी माझं काही नाही. तो भला माणूस होता, शेजारी होता. माझी माफी द्यायची राहिली आहे ती सटवाजीला.